विंगेतलं वादळ

एडिंबरा शहरात अठराव्या शतकात ली नावाचे एक नाट्यव्यवस्थापक होते. आपल्या थिएटरातला मेघगडगडाट फार मिळमिळीत होतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी तोफेचे नऊ-नऊ पौंडांचे गोळे मिळवून एका हातगाडीत भरले, रंगमंचाच्या मागे जमिनीवर लाकडी पट्ट्या ठोकून घेतल्या आणि त्या पट्ट्यांवरून गाडी पुढे-मागे ढकलायला एका सुताराला उभं केलं. नाटक होतं शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’. पहिल्या दोन गडगडाटांनी प्रेक्षागृह दणाणून गेलं. मग, म्हातारा राजा भर वादळात आभाळाला ललकारत असताना, सुताराचा पाय घसरला आणि तो गाडीसकट कोसळला. तेव्हाचे रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने उतरते असत. सुटलेल्या गोळ्यांनी मागचा रंगवलेला पडदा आडवा केला आणि ते चहूकडे घरंगळले. लिअर झालेल्या नटाला राजेपण विसरून टुणटुण उड्या मारत ते चुकवावे लागले. फिडलवाल्यांनी आपापली वाद्यं छातीशी धरून पळ काढला. पडदा पडल्यामुळे मागे काय उरलं, तेही लोकांना दिसलं : आभाळ गडगडवणारा सुतार, सपशेल पालथा.

डटन कुक या इंग्रज नाट्यसमीक्षकाने 1876 साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ बुक ऑफ द प्ले’ या पुस्तकात हा किस्सा नोंदवला आहे. सांगणाऱ्यांनी त्याला थोडं मीठमसाला लावलेलाही असेल. पण एरवी कधीही न दिसणारा माणूस त्यात दिसतो, हे महत्त्वाचं. नाटकातल्या वादळाला नट असतो, नेपथ्यकार असतो, पुढे-पुढे प्रकाशयोजनाकार आणि ध्वनिसंयोजक हेही आले. विंगेत उभा राहून प्रत्यक्ष वादळ वाजवणाऱ्याचं नाव मात्र जाहिरातीत क्वचितच छापलं गेलं. वास्तविक तोही नटाबरोबर तो प्रवेश करत असतो. किती वेळ गडगडायचं, कुठल्या शब्दापाशी थांबायचं, वाऱ्याला कधी उचलायचं, हे दर प्रयोगाला त्याचा कान ठरवतो.

नाटकवाल्यांना नक्कल कशाची करायची होती, ते आधी पाहू. वीज पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात 30,000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, झटकन फुगते आणि हवेत धक्का उमटतो. हा धक्का खरं तर एकच असतो. पण विजेची वाट वेडीवाकडी आणि काही किलोमीटर लांबीची असते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद. त्यामुळे विजेच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो आणि दूरच्या टोकाचा मागून रेंगाळत येतो. डोंगर आणि ढग त्यात आपली भर घालतात. म्हणून जवळच्या विजेचा आधी ‘कडाड्’ असा कोरडा आवाज ऐकू येतो आणि पाठोपाठ घुमत जाणारी गडगड. लांबच्या विजेची नुसती गडगडच कानी येते.

याचा अर्थ, एकाच साधनाने मेघगर्जना होत नाही. फोडणारा आवाज वेगळा, लोळणारा वेगळा आणि विरणारा वेगळा. रंगभूमीचा दोन हजार वर्षांचा खटाटोप या तिघांची मोट बांधण्यासाठी चालला आहे.

सुरुवात दगडांपासून झाली. ग्रीक थिएटरात गर्जनेसाठी धातूच्या भांड्यांत खडे ओतले जात. रोममध्ये इसवी सनापूर्वी 99 मध्ये क्लॉडियस पुल्कर याने आपल्या खेळांत या तंत्रात सुधारणा केली. रंगमंचामागे दगड टाकून काढलेल्या त्या गडगडाटाला पुढे त्याचंच नाव चिकटलं. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तर माणसाशिवाय चालणारं छोटं यांत्रिक नाट्यगृह रचलं. त्यात शिशाच्या गोळ्या ताणलेल्या कोरड्या चामड्यावर पडून मेघगर्जना होई. म्हणजे दगड, गोळे आणि चामडं ही सामग्री तेव्हाच ठरून गेली होती.

शेक्सपिअरच्या लंडनमध्ये तीच सामग्री वरच्या मजल्यावर गेली. रंगमंचावरच्या छताला तिथे ‘स्वर्ग’ म्हणत आणि त्या स्वर्गातल्या माळ्यावर तोफेचे गोळे लाकडी जमिनीवरून लोळवले जात. जोडीला ढोल होते आणि विजेसाठी दारूकाम. ‘मॅक्बेथ’च्या चेटकिणी गर्जनेसह अवतरत, तेव्हा उभ्या प्रेक्षकांच्या नाकात गंधकाचा वास शिरत असणार. दिवाळीच्या पहाटे आपल्याकडे गल्लीत भरतो तोच. बेन जॉन्सनला हा प्रकार बालिश वाटे. ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’च्या प्रास्ताविकात त्याने लोळत्या गोळ्यांच्या आणि ढोलांच्या वादळांची यथेच्छ टिंगल केली आहे. प्रेक्षकांनी त्याचं ऐकलं नाही. ग्लोब थिएटर 29 जून 1613 रोजी जळून खाक झालं तेही अशाच हौसेपायी. ‘आठव्या हेन्री’च्या प्रयोगात तोफ उडवली आणि ठिणगी गवती छपरावर गेली.

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लाकडी वाडग्यांत गोळे फिरवून गर्जना काढत. मोहरी वाटायलाही तसलेच वाडगे लागत, म्हणून अलेक्झांडर पोपने आपल्या ‘डन्सियाड’मध्ये या गर्जनेला मोहरीच्या वाडग्याचा टोमणा मारला आहे. नंतर मध्ये मध्ये अडथळे ठोकलेल्या लाकडी पन्हळी आल्या. गोळा पन्हळीतून घसरताना प्रत्येक अडथळ्यावर आपटे आणि गडगडाटाला गाठी पडत. ही युक्ती जॉन डेनिस नावाच्या नाटककाराची असावी, असा पोपच्या टिपेतला सूर आहे. या डेनिसचं ‘अपियस अँड व्हर्जिनिया’ हे नाटक 1709 मध्ये ड्रुरी लेनला आलं आणि पडलं. गर्जनेची नवी तऱ्हा मात्र थिएटरवाल्यांना पसंत पडली. नंतर तिथेच ‘मॅक्बेथ’ बघायला गेलेल्या डेनिसने आपली गर्जना ओळखली आणि भर प्रेक्षागृहात उभा राहून चोरीचा आरडाओरडा केला, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्याचं श्रेय लाटण्याबद्दलचा, ‘गर्जना चोरणं’ हा इंग्रजीतला वाक्प्रचार त्यावरूनच आला, असं सांगतात. पडलेल्या नाटकाच्या लेखकाचं नाव तीनशे वर्षं टिकवायला एक आवाज पुरला. पुष्कळ चाललेल्या नाटकांच्या लेखकांच्याही नशिबी हे येत नाही.

या साऱ्या कारागिरांत सर्वांत कल्पक माणूस फिलिप जाक द लूथरबूर्ग. स्ट्रासबर्गचा हा चित्रकार 1770 च्या दशकात डेव्हिड गॅरिकच्या ड्रुरी लेन थिएटरात देखावे करत असे. त्याने 1781 मध्ये लंडनच्या लेस्टर फील्ड्समध्ये ‘आयडोफ्यूसिकॉन’ नावाचं स्वतःचं छोटं नाट्यगृह उघडलं. त्यात नट नव्हते. देखावा, उजेड आणि आवाज एवढ्यावरच खेळ चाले, आणि समुद्रातलं वादळ व जहाजाचं बुडणं हा त्यातला गाजलेला भाग होता.

त्याची आवाजाची साधनं आजही कुणी घरच्या घरी करू शकेल. तांब्याचा एक मोठा पातळ पत्रा साखळीने टांगलेला. खालचं टोक धरून हलवला की गर्जना. लाटांसाठी अष्टकोनी पुठ्ठ्याची पेटी, आत फळ्या आणि त्यावर शंखशिंपले नि वाटाणे. पेटी हळूहळू फिरवली की पाणी वाळूवर सरकल्यासारखं वाटे. पाऊस आणि गारांसाठी लांबट चौकोनी पेटी, तिच्यात बारीक बिया आणि मणी. वाऱ्यासाठी रेशीम ताणून बसवलेल्या दोन चौकटी. त्या एकमेकींवर दाबून घासल्या की घोंघावणं ऐकू येई. विल्यम पाइन या समकालीनाने त्याची आठवण लिहून ठेवली आहे. एकदा खेळ चालू असताना बाहेर खरंखुरं वादळ सुटलं. काही प्रेक्षक घाबरले, देवाच्या कामाची नक्कल केल्याची ही शिक्षा असं त्यांना वाटलं. लूथरबूर्ग आणि त्याचा मित्र, विख्यात चित्रकार गेन्सबरो, मात्र छपरावर गेले आणि दोन्ही गर्जना ताडून बघू लागले. गेन्सबरोने निकाल लूथरबूर्गच्या बाजूने दिला.

थट्टेतला असला तरी तो निकाल कारागिराला सुचणारा आहे. खऱ्या वादळाला नाटकाचा अंदाज नसतो. ते चुकीच्या वाक्यावर गडगडतं.

तांब्याची जागा पुढे लोखंडी पत्र्याने घेतली आणि एकोणिसाव्या शतकापासून ‘थंडर शीट’ हे थिएटराचं नेहमीचं सामान झालं. साधारण तीन फूट रुंद आणि सहा-आठ फूट लांब पातळ पत्रा वरून दोरीने टांगायचा आणि खालच्या कडेला लाकडी मूठ बसवायची. मूठ नसेल तर धारेने हात कापतो. छपराच्या पन्हळी पत्र्याचा इथे उपयोग नाही, कारण घड्यांमुळे तो ताठ होतो आणि लवत नाही. सपाट पत्रा लवतो म्हणूनच गर्जतो.

त्यामागचं शास्त्र मोठं मजेदार आहे. हवेत सगळे स्वर एकाच वेगाने जातात. पातळ पत्र्यातून जाणाऱ्या वाकणाऱ्या लहरींचं तसं नसतं. उंच स्वरांच्या लहरी पुढे धावतात, खर्जाच्या मागे राहतात. त्यामुळे पत्र्यावर दिलेला एकच ठोका पसरत, ओढला जात कानावर येतो. दुसरी गंमत पत्रा हळू हलवताना कळते. हाताची हालचाल संथ असते, सेकंदाला दोन-तीन हेलकावे. आधी नुसतीच धूसर गुरगुर होते. जोर वाढला की पत्र्यातली शक्ती खालच्या स्वरांकडून वरच्या स्वरांकडे झिरपत जाते आणि एका क्षणी तो अचानक किंचाळायला लागतो. हा क्षण कधी आणायचा, हे मनगटाच्या हाती असतं. नवशिक्या पहिल्याच झटक्याला पत्रा किंचाळवतो आणि मग चढायला जागाच उरत नाही. मुरलेला माणूस तळहाताने पत्रा दाबून त्याची शेपूट कापतो, कारण पुढचं वाक्य ऐकू जायला हवं असतं.

वाऱ्याचं यंत्र त्याहून साधं. दोन-तीन फूट व्यासाचं, आडव्या पट्ट्या ठोकलेलं लाकडी पिंप घोडीवर आडवं ठेवायचं. त्यावरून जाड कॅनव्हास टाकायचा, त्याचं एक टोक पक्कं करायचं, दुसऱ्याला वजन लावायचं. हँडल फिरवलं की पट्ट्या कापडाला घासत जातात. वेग वाढवला की आवाज मोठाही होतो आणि चढतोही. खरा वारा तारांमधून, फटींमधून, फांद्यांमधून वाहतो तेव्हा हेच घडतं. वेगाबरोबर त्याची शीळ चढते. म्हणूनच ही लाकूड-कापडाची फसवणूक कानाला पटते. अनाडी हात हँडल एकाच गतीने फिरवत राहतो आणि प्रेक्षकांना पिठाची गिरणी ऐकू येते. वाऱ्याला श्वास द्यावा लागतो. तो उठतो, रेंगाळतो, पुन्हा झेपावतो.

पावसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाटाणे किंवा छर्रे, पेटी किंवा चाळणी, आणि सतत हलवण्याचा कंटाळा. चांगल्या वादळांत पाऊस अगदी थोडा वापरतात, कारण त्याची एकसुरी सरसर नटाच्या शब्दांतली व्यंजनं खाऊन टाकते.

ही साधनं मूळ जागी बघायची तर स्वीडनला जावं लागतं. स्टॉकहोमजवळच्या ड्रोटनिंगहोल्म राजवाड्याचं नाट्यगृह 1766 मध्ये लोविसा उल्रिका राणीसाठी बांधलं गेलं. इमारत कार्ल फ्रेडरिक अडेलक्रांट्सची, रंगमंचाखालची यंत्रं दोनातो स्तोपानी या इटालियन कारागिराची. तिसरा गुस्ताव राजा नाटकवेडा होता. त्याच्यावर 1792 मध्ये गोळी झाडली गेली, तीही ऑपेरागृहातल्या मुखवट्यांच्या नाचाच्या वेळी. त्याच्या मृत्यूनंतर नाट्यगृहाची रया गेली आणि कालांतराने त्याची अडगळीची खोली झाली. आग्ने बेयर नावाचा अभ्यासक 1921 मध्ये एका चित्राच्या शोधात तिथे शिरला आणि धुळीखाली त्याला अख्खं अठरावं शतक सापडलं. रंगवलेले देखावे होते, लाकडी लाटा होत्या, वाऱ्याचं यंत्र होतं आणि दगड भरलेली गर्जनेची पेटीही होती. 1922 मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडलं. दुर्लक्षानेच ते वाचलं होतं. वापर चालू राहिला असता, तर दर पिढीने ‘सुधारणा’ करून त्यातलं काही शिल्लक ठेवलं नसतं.

तिथल्या गर्जनेच्या पेटीत जादू काही नाही. लांब लाकडी पेटी दोरीने एका बाजूला कलवायची, आतले दगड या टोकाकडून त्या टोकाकडे घरंगळतात. पण इमारत लाकडाची असल्यामुळे आवाज भिंतींत आणि जमिनीत उतरतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल ओल्ड व्हिकमध्ये, तेही 1766 चंच, याहून धाडसी रचना आहे. तिथे गोळ्यांच्या लाकडी पन्हळी प्रेक्षागृहाच्या छतावर, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावर आहेत. थिएटरला 250 वर्षं झाली तेव्हा, 2016 मध्ये, टॉम मॉरिस दिग्दर्शित ‘किंग लिअर’साठी या जुन्या पन्हळींतून पुन्हा गोळे सोडले गेले. लिअर होते टिमथी वेस्ट. अशी गर्जना कानाला आधी येते की खुर्चीच्या पाठीला, हे सांगता येत नाही. लहान ध्वनिक्षेपकांना नेमका हाच खालचा थरकाप काढता येत नाही. तो काढायला वेगळे, मोठे आणि महाग स्पीकर लागतात. लोखंडी गोळ्याला ते काम फुकट जमतं.

जपानने याच प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिशेने शोधलं. काबुकीत रंगमंचाच्या बाजूच्या जाळीदार खोलीत वादक बसतात आणि हवामान मुख्यतः एका मोठ्या ढोलावर वाजतं. पावसाचे ठोके निराळे, वाऱ्याचे निराळे, लाटांचे निराळे. बर्फ पडण्यालाही ठोका आहे, कापूस गुंडाळलेल्या काठीने वाजवलेला, मऊ. प्रत्यक्षात बर्फाला आवाज नसतो, हे अर्थातच सर्वांना ठाऊक असतं. नकलेच्या साधनांचंही काबुकीला वावडं नाही. मणी बांधलेला तेलकागदाचा पंखा हलवून पाऊस, टोपलीत अझुकी नावाच्या कडधान्याचे दाणे फिरवून लाटा, आणि गर्जनेसाठी खडबडीत चाकांची जड गाडी फळ्यांवरून ओढायची; एडिंबराच्या ली साहेबांच्या गाडीची ही चुलत बहीणच. फरक इतकाच की काबुकीत हे शिकण्याचं, परंपरेने येणारं काम आहे.

आपल्याकडच्या संस्कृत नाटकाने आवाजाची उठाठेवच फारशी ठेवली नाही. ‘मृच्छकटिका’च्या पाचव्या अंकाचं नावच ‘दुर्दिन’. मेघ दाटून आलेत, विजा चमकताहेत आणि वसंतसेना भर पावसात चारुदत्ताच्या घरी निघाली आहे. हे सगळं वादळ श्लोकांत आहे. पात्रंच एकामागून एक मेघांचं वर्णन करतात आणि अंक त्यावर उभा राहतो. नाट्यशास्त्राने चित्राभिनयाच्या प्रकरणात वीज आणि गर्जना कशी दाखवावी ते सांगितलं आहे. अंग ढिलं सोडायचं, डोळे मिटायचे. म्हणजे वादळ झाल्याचं दाखवायचं नाही, वादळ लागल्याचं दाखवायचं. देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठी संगीत रंगभूमीवर आणलं तेव्हा त्या श्लोकांच्या जागी पदं आली. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्येही हीच वाट आहे. लिअरची सावली असलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग 1970 मध्ये गोवा हिंदु असोसिएशनने केला, मुख्य भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. बेघर झालेल्या अप्पासाहेब बेलवलकरांचं तुफान त्यांच्या तोंडी येतं. त्याला पत्र्याची गरज पडत नाही.

मग पत्रा हवाच कशाला? बेन जॉन्सनचाही रोख हाच होता. लिअरच्या लेखकाने शब्द आणि आवाज दोन्ही वापरले, हे त्यावरचं उत्तर. ग्लोबमध्ये नाटक दुपारी, उघड्या आभाळाखाली होई. अंधार नाही, प्रकाशयोजना नाही. शब्दांत वादळ होतं आणि माळ्यावर गोळेही होते. लिअर एकटा बोलत नाही, तो आभाळाशी भांडतो, आणि भांडायला समोरून आवाज यावा लागतो. त्याच्या वाक्यांत आभाळाला दिलेली आव्हानं आहेत, मध्ये श्वासाच्या जागा आहेत. गर्जना तिथे बसली तर राजाला उत्तर मिळाल्यासारखं होतं. वाक्यावर पडली तर राजा आणि प्रेक्षक दोघेही बुडतात.

हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर असत, कादरबक्ष सारंगीवर. बालगंधर्व एखाद्या जागेवर किती थांबणार, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसे. साथीदार त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसत. विंगेतला पत्रेवाला लिअरला हीच साथ करतो.

या साथीवरच रोनाल्ड हारवुड यांनी नाटक लिहिलं. डोनाल्ड वुल्फिट या दौरे करणाऱ्या गाजलेल्या नटाकडे ते 1950 च्या दशकात वेषभूषा-सहायक होते. वुल्फिट यांचा लिअर प्रसिद्ध होता. हारवुड यांचं ‘द ड्रेसर’ 1980 मध्ये मँचेस्टरला आलं, 1983 मध्ये पीटर येट्स यांनी त्यावर चित्रपट केला. काळ 1942 चा, महायुद्धाचा. तरणी माणसं सैन्यात गेलेली, कंपनीत उरलेली मोडकीतोडकी मंडळी, बाहेर हवाई हल्ल्याचा भोंगा आणि आत लिअर. वादळाचा प्रवेश येतो तेव्हा हात अपुरे पडतात. ड्रेसर नॉर्मन आणि हाताशी असलेले बाकीचे लोक पत्रा, ढोल आणि वाऱ्याचं यंत्र यांवर तुटून पडतात, घामाघूम होतात. आणि प्रवेश संपवून आत आलेला बडा नट संतापून विचारतो की वादळ होतं कुठे? विनोदी आहे, पण कुठलाही लिअर हेच विचारेल. समोरून येणारा आवाज आपल्या ताकदीचा नाही, असं त्याला वाटतं. चित्रपटात अल्बर्ट फिनी आणि टॉम कोर्टने यांनी तो प्रवेश अविस्मरणीय केला आहे. विंगेतलं वादळ म्हणजे काय, हे बघायचं असेल त्याने तो चित्रपट मिळवून बघावा.

‘द ड्रेसर’मधल्या त्या काळापर्यंत ध्वनिमुद्रित आवाज दारात येऊन उभे होते. लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये रंगमंच-व्यवस्था सांभाळणाऱ्या फ्रँक नेपिअर यांनी 1936 मध्ये ‘नॉइजेस ऑफ’ नावाचं पुस्तक लिहिलं, पडद्यामागे हाताने आवाज कसे काढावेत याचं. तेव्हाच ग्रामोफोनच्या तबकड्या थिएटरांत शिरत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर टेप आली आणि पिंपं, पेट्या, पत्रे अडगळीत गेले. आज संगणकावर एक कळ दाबली की सह्याद्रीतलं खरं वादळ आठ स्पीकरांतून प्रेक्षागृहभर फिरवता येतं. हे कमी लेखण्यासारखं नाही. लांबची गर्जना, छपरावरचा पाऊस, दार उघडताच आत शिरणारा आणि दार लावताच दबणारा वारा, हे काम मुद्रित आवाज पत्र्यापेक्षा कितीतरी सफाईने करतो. चांगला ध्वनिसंयोजक एका वादळाचे दहा तुकडे करून प्रत्येकाला वेगळा क्यू देतो आणि कळ दाबणाराही नटाकडे कान लावून बसू शकतो. फरक एवढाच की कळ दाबल्यानंतर गर्जना किती वेळ चालणार, हे आधीच ठरलेलं असतं. नटाने त्या दिवशी दोन श्वास जास्त घेतले, तर ती त्याच्यासाठी थांबत नाही.

वाद्यवृंदवाल्यांनी मात्र ही यंत्रं सोडली नाहीत. 1915 मध्ये बर्लिनला पहिल्यांदा वाजलेल्या रिचर्ड श्ट्राउसच्या ‘आल्प्स सिंफनी’त वाऱ्याचं यंत्र आणि गर्जनेचं यंत्र दोन्ही आहेत, आणि व्हायोलिनबरोबर त्यांचेही भाग स्वरलिपीत लिहिलेले आहेत. व्हेर्दीने 1887 च्या ‘ओतेल्लो’त निराळीच क्लृप्ती केली. आरंभीच्या वादळभर ऑर्गनचे अगदी खालचे, एकमेकांना खेटलेले तीन स्वर धरून ठेवले. ते धड ऐकूही येत नाहीत, पण थांबतात तेव्हा जाणवतं की इतका वेळ छातीवर काहीतरी होतं.

वादळाचा प्रवेश असलेलं नाटक बसवणाऱ्यांना या परंपरेतून काही व्यवहारी गोष्टी उचलता येतात. वीज आणि गर्जना यांच्यात अंतर ठेवावं. आधी मोठं, मग कमी होत जाणारं. वादळ जवळ येतंय हे प्रेक्षकाला कुणी न सांगता कळतं. जुन्या काळी ज्योतीवर राळेची पूड फुंकून वीज पाडणारा एक आणि पत्रा हलवणारा दुसरा असे. दोघांचं जमलं नाही की गर्जना आधी आणि वीज मागून, असा प्रकार व्हायचा. सगळ्यात मोठी गर्जना एकदाच, तीही शेवटाकडे. आणि मध्ये पूर्ण शांतता. वादळात अचानक सगळं थांबलं की प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो, कारण पुढचा दणका कधी येणार हे त्याला ठाऊक नसतं. अखंड गडगडणाऱ्या वादळाची दोन मिनिटांत सवय होते.

राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे आणि तिच्यातल्या हौशी संस्थांची पैशाची ओढाताण नेहमीचीच. मोठे स्पीकर भाड्याने परवडत नाहीत, लहान स्पीकरांतून गर्जना डब्यात खडे हलवल्यासारखी येते आणि परीक्षक ‘पार्श्वसंगीत’ या रकान्यात गुण कापतात. या मंडळींनी एकदा लोखंडबाजारातून सपाट पातळ पत्रा आणून बघावा. तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून तो एकाच माणसाच्या हाती द्यावा, शक्यतो ताल कळणाऱ्या. त्याला आयत्या वेळी विंगेत उभं करू नये. संहिता त्यालाही द्यावी, आणि प्रयोगाच्या पत्रिकेत त्याचं नाव छापावं.